क्षीण रेषांचा धडा

आमचे विज्ञानाचे गुरुजी वही तपासताना म्हणत, "उत्तर जुळले, आता रीत दाखवा." शाळेच्या एकाच बाकावरून पुढे संशोधनाकडे वळलेल्या आम्हा दोघांना त्या वाक्याचा अर्थ फार उशिरा उमगला.

सेरियम आणि झिर्कोनियम या धातूंचे संयुक्त ऑक्साइड आम्ही तयार करीत होतो. मोटारींच्या धुरातील विषारी वायू निवळणाऱ्या उत्प्रेरकांत अशी ऑक्साइडे वापरतात. दोन्ही नायट्रेटांच्या द्रावणात ग्लायसिन मिसळून तापवले, की क्षणभर भडका उडतो आणि भांड्यात हलकी, फिकट पूड उरते. ही पूड अर्धस्थिर असते. उतारावरील खळग्यात अडकलेल्या धोंड्यासारखी. आलेख रेखीव यावा म्हणून पहिला नमुना आम्ही प्रखर भट्टीत दीर्घकाळ ठेवला आणि गमावला. सेरियमबहुल व झिर्कोनियमबहुल असे त्याचे दोन भाग झाले.

दुसरा नमुना जपला. क्ष-किरणांनी निर्वाळा दिला, की रचना घनीय, फ्लुओराइट खनिजासारखी आहे. शोधनिबंध लिहून झाला. तेवढ्यात रामन वर्णपटाने शंका उभी केली. तशा रचनेत एकच ठळक रेषा अपेक्षित असते. येथे आणखी काही क्षीण रेषा होत्या. आमच्यापैकी एकाची शिष्यवृत्ती संपत आली होती. त्या रेषा अशुद्धीच्या खाती टाकून मोकळे होण्याचा मोह आम्हाला झाला, हे येथे कबूल करतो.

क्ष-किरण इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतात. सेरियमच्या अणूत ते 58, झिर्कोनियमच्या 40, तर ऑक्सिजनच्या अवघे 8. जड अणूंपुढे ऑक्सिजन झाकोळला जातो. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रकांवरून विखुरतात आणि तेथे ऑक्सिजन या धातूंच्या तोडीस तोड ठरतो. म्हणून थोडी थोडी करीत काही ग्रॅम पूड जमवली आणि मुंबईत ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीची वाट धरली.

न्यूट्रॉनांच्या आलेखात एक लहानसे जादा शिखर उभे होते. धातूंचे अणू घनीय चौकटीत जागच्या जागी होते. ऑक्सिजनचे अणू मात्र एका अक्षाच्या दिशेने, आळीपाळीने वर-खाली, किंचित सरकले होते. रचना घनीय नव्हतीच.

शोधनिबंध आम्ही पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. शिष्यवृत्ती संपली, तरी काम संपले नव्हते. पुढचे महिने दोघांनी एकाच शिष्यवृत्तीवर काढले. त्या दिवसांचा पश्चात्ताप नाही. आमच्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की क्षीण रेषा खोडण्यापूर्वी ती कशाची आहे, याचा शोध घ्यावा.