सरळ कोणाला म्हणावे?

सरळपणा हा गुण माणसांत दुर्मिळ आहे, असे आपण नेहमी ऐकतो. पण यंत्रांच्या बाबतीतही त्याची खात्री देता येत नाही, हे मला २००६ सालच्या दिवाळीत कळले. आणि तेही संगणकाच्या एका साध्या पडद्यापायी!

आमचे अण्णा जुने जुळारी. पुण्यातल्या एका छापखान्यात त्यांनी चाळीस वर्षे शिशाचे खिळे जुळवले. मोतीबिंदू काढल्यावरही त्यांना बारीक छपाई दिसेना, तेव्हा मी त्यांच्यासाठी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. जुन्या दिवाळी अंकांतल्या गोष्टी मी फावल्या वेळी टाइप करायच्या आणि त्याने त्या बोराएवढ्या अक्षरांत दाखवायच्या. पण आडव्या पडद्यावर अण्णांचे मन रमेना. "पान कधी आडवं असतं का रे?" असे त्यांचे म्हणणे. म्हणून मी फिरणारा पडदा आणला, तो उभा केला आणि त्यावरचे चित्र नव्वद अंशांनी फिरवले. अण्णा जवळ सरकले, दूर सरकले आणि म्हणाले, "शाई फुटलीय."

फुटली होती खरी! सपाट पडद्यावरचा एकेक ठिपका म्हणजे शेजारी शेजारी उभ्या तीन पट्ट्या असतात: तांबडी, हिरवी आणि निळी. अक्षराची कड रेखीव दिसावी म्हणून संगणक या पट्ट्या सुट्या सुट्या वापरतो. पडदा फिरवला की पट्ट्या आडव्या होतात. हिशेब मात्र जुनाच राहतो आणि कडांवर रंग सांडतो. उपाय सोपा होता. पडदा फिरलेला असला, तर रंगांची युक्ती सोडून साध्या करड्या छटांनी अक्षर घोटायचे. पण तो फिरला आहे, हे आधी प्रोग्रामला कळायला हवे ना?

त्यात काय, विचारायचे! विंडोज एक्सपीत त्यासाठी एक रकाना आहे. ० म्हणजे मूळ स्थिती, १ म्हणजे नव्वद अंश, २ म्हणजे एकशेऐंशी, ३ म्हणजे दोनशेसत्तर. आमच्या संगणकाने इमानाने १ सांगितले आणि अण्णांची शाई सुधारली.

भाऊबीजेला आम्ही नाशिकला ताईकडे गेलो. अण्णांनी पडदाही गोधडीत गुंडाळून बरोबर घेतला. ताईच्या संगणकाला तो जोडला, उभा केला, आणि शाई पुन्हा फुटली! संगणकाला विचारले, तर उत्तर ०. पडदा डोळ्यांसमोर उभा आणि यंत्र म्हणते, कुणी फिरवलेच नाही!

विंडोज दोन्हीकडे तेच. निराळे होते ते चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या वतीने बोलणारा ड्रायव्हर. रकाना भरायचा तो त्यानेच. आमच्याकडचा ड्रायव्हर विंडोजला सांगून चित्र फिरवी. ताईकडचा मात्र ते अगदी शेवटी आपल्या हाताने फिरवी आणि विंडोजला एवढेच कळवी, की हा पडदा १०२४ ठिपके रुंद आणि १२८० ठिपके उंच आहे. त्याच्या दृष्टीने तो खोटे बोलतच नव्हता!

मग मी ठरवले, की रुंदीपेक्षा उंची जास्त दिसली की पडदा फिरलेला समजायचा. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, एखादा पडदा जन्मतःच उभा असला तर?" पोराचे बरोबर होते. तसेही पडदे असतात. पण पडद्याच्या पोटात त्याची जन्मपत्रिकाही असते. कारखान्यातून निघताना आपली रुंदी-उंची किती होती, हे तिच्यात लिहिलेले असते. आमच्या पडद्याची पत्रिका म्हणाली, रुंदी १२८०, उंची १०२४. दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि ड्रायव्हरचे मौन उघडे पडले. पडदा उजवीकडे वळला की डावीकडे, याच्याशी मला कर्तव्य नव्हते. पट्ट्या दोन्हीकडे आडव्याच.

राहिले शीर्षासन! पडदा पार उलटा केला, तर रुंदी-उंची तीच राहते. बदलतो तो पट्ट्यांचा क्रम. त्यातून ड्रायव्हर ० म्हणाला, की साक्षीदारच उरत नाही. रात्री बारापर्यंत मी डोके खाजवत बसलो होतो.

अण्णा पाणी प्यायला उठले. सगळे ऐकून म्हणाले, "अरे, यंत्रांच्या साक्षी कसल्या काढतोस? वाचणार मी. मला विचार ना! खिळा उलटाच असतो. कागदावर सुलटा उमटला म्हणजे झालं."

मी मुकाट्याने प्रोग्रामात एक प्रश्न घातला. एकच ओळ दोन तऱ्हांनी दाखवायची आणि विचारायचे, "यांतली कोणती स्वच्छ दिसते?" आज अण्णा नाहीत, तो प्रश्न मी अजून काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी १९६१ सालच्या अंकातली, स्वतःच जुळवलेली एक गोष्ट वाचायला घेतली. मी ती छापल्याबरहुकूम टाइप केली होती. तिसऱ्या परिच्छेदावर त्यांचे बोट थांबले.

"इथे काना राहिलाय. माझ्याच हातून."

"दुरुस्त करू का, अण्णा?"

"कर बाबा," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं राहिलाय."