डावीकडची जागा

रस्ता विचारण्यात आम्हां भिवापूरकरांना कधी कमीपणा वाटत नाही. किंबहुना रस्ता विचारणे ही आमच्याकडे ओळख काढण्याचीच एक रीत आहे. “मिरचीच्या सातऱ्यापासून डावीकडे वळा, पुढे कडुनिंब लागेल, तिथे कोणालाही विचारा,” एवढे सांगितले की सांगणारा मोकळा आणि ऐकणाराही निर्धास्त. त्या “कोणालाही विचारा”मध्ये गावाचा सगळा नकाशा आला! असला नकाशा डोक्यात घेऊन वाढलेली मी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत इंग्लंडमध्ये मोटारींच्या एका रॅलीत चक्क ‘नेव्हिगेटर’ म्हणून बसले. आणि वाचकहो, मजा अशी की त्या क्लबाचा पहिलाच दंडक होता: रस्ता कोणालाही विचारायचा नाही!

माझे मामा बरीच वर्षे बर्मिंगहॅमजवळ राहतात. त्यांच्याकडे १९७८ सालची एक ‘मिनी’ आहे. ही गाडी अवघी दहा फूट लांब आणि तिची चाके दहा इंची. १९५६ च्या सुएझ प्रकरणात इंग्लंडमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा कमी पेट्रोलात चालणाऱ्या लहान गाडीची निकड भासली. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या खाली दिली आणि वाचलेली सारी जागा माणसांना दिली. १९५९ साली ती बाजारात आली. पुढे मॉन्टे कार्लोच्या अवघड रॅलीत १९६४, १९६५ आणि १९६७ साली तिने मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकले. बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यातून शेवटची जुनी मिनी २००० साली बाहेर पडली. आता अशा गाड्या सांभाळणाऱ्यांचे क्लब आहेत. आपल्याकडे २०१९ पर्यंत धावलेल्या नागपूर–नागभीड छोट्या रेल्वेवर गावकऱ्यांचा जसा जीव होता, तसाच त्यांचा या गाडीवर आहे.

मामांच्या क्लबात दरवर्षी नेव्हिगेशन रॅली होते. मामा गाडी चालवत आणि डावीकडच्या जागेवर नकाशा घेऊन मामी बसत. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. तेव्हापासून गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली होती. मी गेले तेव्हा क्लबाचे निमंत्रण फोनखाली पडलेले दिसले. मी विचारले, “मामा, जायचं नाही का?”

“नेव्हिगेटर कुठाय?” मामा म्हणाले.

“मी आहे ना.”

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी घडी घातलेला एक जुना नकाशा ठेवलेला होता.

आठ दिवस जेवणाचे टेबल ही माझी शाळा झाली. ऑर्डनन्स सर्व्हे ही तिथली नकाशे करणारी सरकारी संस्था १७९१ पासूनची. तिच्या या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. साऱ्या देशावर चौकटींचे जाळे टाकलेले असते. सहा आकडे दिले की शंभर मीटरच्या चौकोनात नेमकी जागा सापडते. पहिले तीन आकडे आडवे, पुढचे तीन उभे. “आधी ओसरी, मग माडी,” मामांनी सोपे करून सांगितले. आकडे मोजायला ‘रोमर’ नावाची पारदर्शक मोजपट्टी असते. चर्चसुद्धा तीन तऱ्हेची! काळ्या चौकोनावर क्रूस म्हणजे मनोऱ्याचे, काळ्या गोलावर क्रूस म्हणजे कळसाचे किंवा घुमटाचे, आणि नुसता क्रूस म्हणजे दोन्ही नसलेले. देवळाला कळस आहे की नाही हे कागदावरूनच कळावे, याचे मला फार नवल वाटले.

वळणे दाखवायला ‘ट्यूलिप’ नावाची छोटी चित्रे असतात. हॉलंडच्या ट्यूलिप रॅलीवरून हे नाव पडले. टिंबापासून निघायचे आणि बाणाकडे जायचे. वेळेचा हिशेब मात्र कडक. सरासरी वेग ठरवून दिलेला असतो आणि वाटेत कुठेतरी घड्याळ घेऊन माणूस बसलेला असतो. उशीर झाला तर गुण जातात, आणि लवकर पोचले तरीही जातात! एस.टी.ने नागपूर गाठणाऱ्या माझ्यासारखीला लवकर पोचण्याचा दंड ही कल्पनाच नवी होती.

आमचा वेग होता ताशी चोवीस मैल. म्हणजे दर मैलाला अडीच मिनिटे. मामा खिशातून कॅल्क्युलेटर काढू लागले, तोवर मी “तीन अडीच साडेसात, चार अडीच दहा” म्हणून मोकळी झाले. लहानपणी आजोबांनी ओसरीवर बसवून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेतली होती. तेव्हा मनातून किती कंटाळा केला होता! मामांचे डोळे चमकले. ते म्हणाले, “अरे बाप रे, बाबांची अडीचकी!” गेल्या आठ दिवसांत मामा प्रथमच मोकळे हसले.

त्या नकाशावर आणखीही काही होते. पेन्सिलीने, बारीक देवनागरीत मामींनी जागोजागी लिहून ठेवले होते. “येथे मेंढ्या. घाई नको.” “पूल अरुंद. समोरच्याला जाऊ द्यावे.” एका टेकडीच्या पायथ्याशी नुसते “येथे पोहे खाल्ले.” क्लबातल्या कोणाला हे वाचता येत नसे. मामांना ते तोंडपाठ असावे. पण त्यांनी नकाशा माझ्याकडे सरकवला आणि ते स्वतः खिडकीबाहेर पाहत राहिले.

नकाशा शिकताना मला आपले हिंगणघाट आठवत होते. विल्यम लॅम्ब्टन या सर्वेक्षकाने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट टेकड्यांवर आणि गोपुरांवर चढवीत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा अंत झाला. त्याची कबर तिथेच आहे. आपल्यापासून ते गाव काही फार लांब नाही, पण नकाशावरच्या प्रत्येक आकड्यामागे कोणाची तरी पायपीट असते हे मला तिथे, परक्या देशातल्या स्वयंपाकघरात उमगले.

जूनमधल्या एका रविवारी आम्ही लडलो गावच्या किल्ल्यापाशी उभे राहिलो. रंगीबेरंगी मिनी एका रांगेत होत्या, आणि दर मिनिटाला एक सुटत होती. बरेच जण मामांशी हात मिळवायला आले. माझ्याकडे पाहून दोन आजीबाई म्हणाल्या, “जागा भरली, बरे झाले.” मामांनी मान हलवली आणि उगाचच काच पुसली.

क्रेव्हन आर्म्सपर्यंतचा भाग सोपा गेला. पुढे क्लन नदीच्या खोऱ्यात रस्ते इतके अरुंद झाले की दोन्ही बाजूंची कुंपणे आरशांना घासत होती. मामा एकसारखे विचारत, “काहून चूप बसली? सांगत राहा ना!” मग मी न थांबता बोलू लागले: “तीनशे मीटरवर तिठा, डावीकडे, मनोऱ्याचे चर्च उजव्या हाताला, पाटीवरची अक्षरे लिहून घेतली.” क्लनचा जुना दगडी पूल आला. मी मामींचे वाक्य वाचण्यापूर्वीच मामा थांबले आणि समोरच्या ट्रॅक्टरला त्यांनी जाऊ दिले.

बिशप्स कॅसल या गावी चहाची विश्रांती होती. निघायची वेळ झाली तरी मामांनी किल्ली फिरवली नाही. ते सावकाश म्हणाले, “मागच्या वेळी इथूनच परतलो होतो. तुझी मामी म्हणाली, आज थकवा आला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.” थोड्या वेळाने म्हणाले, “घरी जाऊ या का?”

मी नकाशाकडे पाहिले. मधल्या घडीच्या वर पेन्सिलीची एकही खूण नव्हती. तिथून पुढचा रस्ता फक्त छापील होता.

काय बोलावे ते मला सुचेना. धीर देण्याचे शब्द माझ्याकडे नव्हते, हिशेब होता. मी म्हटले, “मामा, पुढचा कंट्रोल सहा मैलांवर आहे. सहा अडीच पंधरा. त्यातलं एक मिनिट गेलं.”

मामांनी माझ्याकडे पाहिले आणि किल्ली फिरवली.

पुढची वाट लाँग मिंड या डोंगराची. वाटेत रॅटलिंगहोप नावाचे खेडे लागते. लिहितात असे आणि म्हणतात ‘रॅचप’! डोंगरमाथा ५१६ मीटर उंच, उघडा आणि वाऱ्याचा. नकाशावर समोच्चरेषा एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. चर्च स्ट्रेटनकडे उतरणारा बरवे नावाचा रस्ता एका गाडीपुरता रुंद, आणि दरी नेमकी डावीकडे, म्हणजे माझ्या बाजूला! मी आकडे वाचत राहिले. मामा दुसऱ्या गिअरमध्ये, शांतपणे, एखादे म्हातारे माणूस जिना उतरावे तसे गाडी उतरवीत होते.

आमचा क्रमांक मधल्यांत कुठेतरी आला. बक्षीस मिळाले नाही. गाडीत बसल्यावर मामांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्या हाती दिली आणि ते म्हणाले, “लिही.” मी बरवेच्या शेजारी लिहिले: “दरी डावीकडे. खाली पाहू नये.” त्यांनी ते दोनदा वाचले आणि जुन्याच घड्यांवर नकाशा हलकेच मिटला.

परत आल्यावर मैत्रिणी विचारतात, परदेशात काय पाहिलेस? किल्ला पाहिला, डोंगर पाहिला. पण मला वाटते, मी एक रिकामी जागा पाहिली, आणि चार तास ती सांभाळली. त्या जागेवर बसणाऱ्याच्या हाती चाक नसते, ब्रेकही नसतो. पुढचे वळण वेळेवर सांगणे, एवढेच त्याचे काम. घरातली किती माणसे जन्मभर हे काम करतात आणि ती उठून गेल्यावरच ते आपल्या लक्षात येते!

दिवाळीला मामांचा फोन आला. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ आता डावीकडे बसतात. त्यांना देवनागरी येत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री मामा नकाशा उघडतात आणि मामींचे एकेक वाक्य त्यांना इंग्रजीत सांगतात. “पोह्याचं काय सांगितलंत?” मी विचारले. मामा म्हणाले, “ते करूनच नेले ना बेटा!”