सात विरुद्ध सहा

परवा रंकाळ्यावर सकाळची फेरी झाल्यावर आमचा कंपू नेहमीच्या कट्ट्यावर टेकला होता. विषय अर्थातच राजकारण. कोल्हापुरात चार माणसं जमली आणि निवडणुकीचा विषय निघाला नाही, असं होतच नाही! "सगळ्या विरोधकांनी एकदा मोट बांधली की कुठलंही सरकार पडतंय बघा सर," एकजण म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र गप्प बसलो. कारण अशी एक मोट बांधण्यात मीही होतो. त्यातलं सातवं मत माझं होतं.

गोष्ट १९९९ सालची. आमच्या शिक्षकांची एक पतसंस्था होती. तेरा संचालक, त्यातला मी एक. चेअरमन होते आमच्याच शाळेतले गणिताचे सर, माझे जवळचे मित्र. वीस वर्षं मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांच्या डब्यातली भाकरी खाल्लेली. माणूस पैशाला स्वच्छ, पण हेकट. सभेत कुणाला बोलू द्यायचं नाही, ठरवायचं ते एकट्यानं. हळूहळू त्यांच्या विरोधात तीन गट झाले. एका गटाला संस्थेत आपला माणूस चिकटवायचा होता, दुसऱ्याला चेअरमनपद हवं होतं आणि आम्हा दोघातिघांना फक्त सरांचा हेका मोडायचा होता. बाकी कशात आमचं एकमत नव्हतं.

फेब्रुवारीत अविश्वास ठराव आला. निबंधक कार्यालयातले अधिकारी येऊन बसले. मतदान झालं. सात विरुद्ध सहा. सर उठले, खिशातल्या कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

आम्ही विजयाचा चहा घेतला. पुढच्याच सभेत आमच्या सातांपैकी तिघांनी चेअरमनपद मागितलं! व्हाइस चेअरमन सरांच्या बाजूचे, त्यांनीही राजीनामा दिलेला. मग कधी कोरम नाही, कधी सभा तहकूब. कर्जाचे अर्ज फायलीत पडून राहिले. त्यात आमच्या शाळेच्या शिपाईमामांचा अर्ज होता, बायकोच्या ऑपरेशनसाठी. एक दिवस वर्गाच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, "सर, आता सही कुणाची घ्यायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांनी शेवटी सावकार गाठला. व्याज महिन्याला शेकडा पाच.

हे असं चाललेलं असतानाच १७ एप्रिल उजाडला. शनिवार, सकाळची शाळा. घरी येऊन टीव्ही लावला. जयललितांच्या अण्णाद्रमुकने पाठिंबा काढून घेतल्याने वाजपेयींचं सरकार अल्पमतात आलं होतं आणि लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर मतदान होतं. ठरावाच्या बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने तेरा महिन्यांचं सरकार गेलं. शेजारीपाजारी कुणी हळहळले, कुणी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या किल्ल्या आल्या.

पुढे जे झालं ते आमच्या पतसंस्थेसारखंच. सोनिया गांधींनी राष्ट्रपतींना भेटून २७२ खासदारांचा पाठिंबा असल्याचं सांगितलं. मुलायमसिंगांनी नकार दिला. सरकार पाडायला जमलेले २७० जण सरकार बनवायला काही जमले नाहीत. २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. त्या सभागृहातले विरोधी पक्षनेते होते शरद पवार. पुढच्याच महिन्यात काँग्रेसने त्यांना पक्षाबाहेर काढलं आणि जूनमध्ये त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली. आमच्या कोल्हापूरचे खासदार सदाशिवराव मंडलिक १९९८ ला काँग्रेसकडून निवडून आले होते, ते १९९९ ला राष्ट्रवादीकडून आले. आणि दिल्लीत पुन्हा वाजपेयीच!

तसं हे नवीन नव्हतं. १९७९ च्या जुलैत आपल्या यशवंतराव चव्हाणांनी मोरारजीभाईंच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला होता. मोरारजींनी राजीनामा दिला, चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढला आणि २० ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा दिला. लोकसभेला एकदाही सामोरं न जाता!

मग सत्तेवरचा माणूस कसाही असला तरी ठेवायचा का? मुळीच नाही. सरकार टिकलं म्हणजे चांगलंच झालं, असंही नाही. जुलै १९९३ मध्ये नरसिंह रावांचं अल्पमतातलं सरकार अविश्वास ठरावातून २५१ विरुद्ध २६५ मतांनी वाचलं, आणि त्यातली काही मतं पैसे देऊन मिळवल्याचं प्रकरण पुढे कोर्टात गेलं. विरोधकांनी एकत्र यावं, सरकारला जाब विचारावा, वेळ आली तर खाली खेचावं. पण जर्मनीच्या घटनेत एक अट आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. तिथल्या संसदेला अविश्वासाने चॅन्सेलर हटवायचा तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असेच. आपल्या विधी आयोगानेही १९९९ च्या अहवालात अशाच धर्तीची सुधारणा सुचवली होती. ती अमलात आली नाही.

असो. आमच्या पतसंस्थेवर अखेर प्रशासक आला, वर्षभराने निवडणूक झाली. मामी ऑपरेशननंतर बऱ्या झाल्या, पण मामा सावकाराचं कर्ज तीन वर्षं फेडत होते. दर पगाराला ते ऑफिसातून बाहेर पडताना दिसले की मी दुसरीकडे बघायचो.

सरांकडे जायचा धीर मला त्यांच्या निवृत्तीनंतर झाला. मी चाचरत काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. म्हणाले, "विरोधात मत दिलंस याचा राग नाही रे. मी वागलोच होतो तसा. पण गणित अर्धंच सोडवून आलास. माझ्यानंतर कोण, ते तरी ठरवून यायचं!" त्या दिवशी आम्ही बऱ्याच वर्षांनी एकत्र चहा घेतला.

हे सगळं काही मी कट्ट्यावर सांगितलं नाही. उठताना एवढंच विचारलं, "मोट बांधाल हो, पण दुसऱ्या दिवशी अर्जावर सही कुणाची?"

उद्या पुन्हा फिरायला जायचं आहे. बघू, कुणी उत्तर घेऊन येतंय का!