पायथ्याचे चिरे

गोळपच्या घरासमोरच्या पाखाडीवरून आजी घसरली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. श्रावणातली शेवाळलेली पायरी, खुब्यातच मोडलं. दम्यामुळे भूल झेपणार नाही म्हणून ऑपरेशन नको ठरलं, आणि रत्नागिरीहून आलेले डॉक्टर पायाला वजन लावून गेले. नडगीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी, तळव्याखालून दोरी, पलंगाच्या पायथ्याशी कप्पी आणि खाली लोंबणारी वाळूची पिशवी, तागडीत तोलून बरोबर तीन किलो. मग त्यांनी जांभ्याचे दोन चिरे मागवले आणि पलंगाचे पायथ्याकडचे खूर त्यांच्यावर चढवले. आजीचं डोकं खाली, पाय वर. हे कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, ''अरे, एकाच बाजूने ओढलं तर माणूस अख्खा घसरत येईल ना! दुसरीकडून कुणीतरी धरायला हवं. आता आजीचं वजनच आजीला धरून ठेवील.''

चाळीस वर्षांनी ते वाक्य मला भाच्यामुळे आठवलं.

भाचा कबड्डीतला चढाईपटू. चढाई करून परतताना जांघेत कळ यायची. एमआरआयमध्ये खुब्याच्या वाटीची कड फाटलेली दिसली. मुंबईला नेऊन दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. भोकं एवढीएवढीशी, टाकेही मोजकेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई चहा आणायला खाली गेली तेव्हा तो पंख्याकडे बघत म्हणाला, ''मामा, आईला सांगू नको. खाली काहीच कळत नाहीये. हात लावला तर दुसऱ्याचं अंग वाटतं.'' पोराचा साखरपुडा झाला होता. दीड दिवस तो हे एकटा घेऊन पडला होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि नीट समजावून सांगितलं. खुब्याचा गोळा वाटीत नुसता बसवलेला नसतो, तो चोखून धरलेला असतो. १९३१ साली न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा खुब्याच्या गोळ्या-वाटीच्या मधे शिरणं त्यांना अशक्य वाटलं होतं. त्यांनी पाय ओढला नव्हता. आज पाऊल बुटात घट्ट बांधून, यंत्राने पाय ओढून ८ ते १० मिलिमीटरची फट करतात. त्यासाठी लागणारा जोर १० ते २५ किलोंच्या घरातला. आजीच्या पिशवीत तीनच होते. एवढ्या ओढीने माणूस टेबलावरून सरकू नये म्हणून दोन्ही मांड्यांच्या मधे गादी गुंडाळलेला एक खांब असतो. सगळी ओढ शेवटी त्या खांबावर येते, आणि नेमकी तिथूनच जननेंद्रियांना संवेदना देणारी नस जाते. ती दबली की बधिरपणा येतो. बुटाने पावलाचा वरचा भाग बधिर होतो, मांडीमागची मोठी नसही ताणली जाऊ शकते.

माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. झोपेत हाताला मुंग्या आल्या की आपण न जागताच कूस बदलतो. भूल दिलेल्या माणसाची ती कूस काढून घेतलेली असते. त्याच्या वतीने दुखणं ओळखायचं काम खोलीतल्या सगळ्यांचं. खांब रुंद, किमान ९ सेंटिमीटरचा हवा, गादी जाड हवी, घड्याळावर नजर हवी. ओढ दोन तासांच्या वर नेऊ नये, असं मानतात. आतलं काम आटोपलं की ती लगेच सोडायची. टाके घालण्याइतकंच हेही कौशल्याचं काम आहे, असं मला आता वाटतं.

अलीकडे काही ठिकाणी खांब काढूनच टाकलाय. पाठीखाली न सरकणारी फोमची गादी घालतात आणि टेबल डोक्याकडे थोडं उतरतं करतात. वजन आणि घर्षण मिळून शरीर जागच्या जागी राहतं. हे ऐकलं आणि मला गोळपचा पलंग दिसला. तेच दोन चिरे!

भाच्याची संवेदना पाचव्या आठवड्यात पूर्ण परतली. बहुतेकांची अशीच काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत परतते. पण हे त्याला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. सहीच्या कागदावर एक ओळ होती, बाकीच्या पंधरावीस ओळींत बुडालेली. आपल्याकडे त्या जागेचं नाव घ्यायला डॉक्टरही कचरतात आणि पेशंटही. सून असेल तर ती सासूसमोर काय बोलणार?

म्हणून सांगतो. तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं, तर आधी विचारा की खांब वापरणार का आणि ओढ किती वेळ ठेवणार. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला येतील तेव्हा नातेवाइकांनी पाच मिनिटं खोलीबाहेर थांबा, म्हणजे पेशंटला बोलता येईल.