गाडी किती सालची?

त्या बाईच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता, याचाच मला अजून राग येतो. दक्षिण जॉर्जियातला हमरस्त्यालगतचा आरव्ही पार्क, म्हणजे फिरत्या घरांचा तळ. आरक्षण केलेलं, एका रात्रीचे पैसे कार्डावरून गेलेले. बाहेर पाऊस, गाडीत मागच्या सोफ्यावर सासूबाई, आणि काउंटरपलीकडून गोड प्रश्न, "गाडी किती सालची?"

नवरा छाती फुगवून म्हणाला, "शहात्तरची." त्याला वाटलं, आता कौतुक होणार. नेहमी होतं. पेट्रोल भरायला थांबलं की कुणीतरी येऊन सांगतंच, आमच्या आजोबांकडे होती अशी.

"दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आम्ही आत घेत नाही," बाई म्हणाली.

गाडीबद्दल थोडक्यात सांगते, कारण नवऱ्याला विचारलंत तर जेवणाची वेळ टळेल. आम्ही अटलांटाजवळ राहतो. गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडून त्याने ही जीएमसी मोटरहोम घेतली. जनरल मोटर्सने 1973 ते 1978 एवढीच वर्षं ती बनवली, सगळ्या मिळून तेरा हजारांच्या आसपास. आमची सव्वीस फुटी. ओल्डस्मोबिल टोरोनॅडोचं साडेसात लिटरचं इंजिन, ओढणारी चाकं पुढची. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा नाही आणि घराची जमीन रस्त्याला टेकल्यासारखी खाली. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक दोन चाकं, त्यांच्यामध्ये हवेच्या पिशव्या. लिटरला चार किलोमीटर दिले तर नवरा त्या दिवशी खुशीत असतो. तेलाचं संकट आलं त्याच वर्षी असली गाडी बाजारात आणणाऱ्यांच्या धाडसाचं काय करावं! सासूबाईंनी मात्र ती पहिल्याच दिवशी पसंत केली. साताऱ्याहून आल्या होत्या. चढायला सोपी, काचा मोठ्या, आणि एसटीसारखा हादरा नाही, म्हणाल्या.

तर ती बाई. आम्ही म्हटलं, पहाटेच निघणार आहोत. म्हटलं, फोनवर तुम्ही लांबी विचारलीत, किती अँपियरची वीज लागेल ते विचारलंत, साल विचारलं नाहीत. म्हटलं, एकदा येऊन बघा तरी. तर ती खरंच छत्री घेऊन बाहेर आली! गाडीभोवती फिरली. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कुठे पोचा नाही, रंग नवरा दर उन्हाळ्यात घासतो. दार उघडून आत डोकावली, सासूबाईंना 'हाय' केलं, "ब्यूटिफुल" म्हणाली. आणि छत्री मिटता मिटता म्हणाली, नियम तो नियम. नाही म्हणायचंच होतं तर बघायला कशाला आलीस, बाई? न बघता हाकललं असतंस तर मी विसरून गेले असते. सुंदर आहे म्हणून हाकललंस.

एवढ्यात मागून एक चाळीस फुटी नवी गाडी आली. तिच्या कुशीतला अर्धा पत्रा चिकटपट्टीने धरून ठेवलेला, एक दिवा फुटलेला. तिला हात दाखवून आत सोडलं. नवरा काही बोलणार होता, मी त्याचा शर्ट ओढला.

गाडीत शिरले तर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणते गं ती?"

"गाडी म्हातारी आहे म्हणते, आई."

"मग मला तरी कशी घेतील," म्हणाल्या आणि स्वेटर विणायला लागल्या. ती रात्र आम्ही ट्रकवाल्यांच्या थांब्यावर काढली. पैसे परत यायला महिना गेला, तेही तीनदा फोन केल्यावर.

हा नियम सरकारी नाही. खाजगी पार्कवाले आपापला करतात, आणि तो का करतात हेही मला कळतं. मोडकी गाडी आणून कायमचा संसार थाटणारे असतात. कधी गाडी तिथेच टाकून निघून जातात, मग ती ओढून न्यायचा भुर्दंड मालकाला. पण मग ज्याने गाडी जपली त्याचं काय? असा प्रवास करणाऱ्यांना सांगते: पैसे भरण्याआधी साल आपणहून सांगा, फोटो पाठवा, हो म्हणणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. फोटो बघून सवलत देणारेही पुष्कळ आहेत. आणि स्टेट पार्कांत आम्हाला आजवर कुणी साल विचारलेलं नाही.

तर थांब्यावरच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या फोर्ट विल्डरनेसला पोचलो. 1971 पासूनचं हे तंबू आणि गाड्यांचं रान. साताठशे एकरांत सायप्रस आणि पाइन, आणि मॅजिक किंगडमला जायला बोट. तिथेही साल विचारलं नाही. पण हवेची एक पिशवी गळायला लागली होती, म्हणून नवरा साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली गेला, सासूबाई खुर्ची टाकून त्याला सूचना देऊ लागल्या आणि मी एकटीच मॅजिक किंगडमची पडद्यामागची बाजू दाखवणाऱ्या सहलीला गेले.

पाच तास चालवतात, आत फोटो काढू देत नाहीत. पार्कच्या खाली कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी भुयारं आहेत. माझी समजूत होती की भुयारं म्हणजे जमिनीखाली. तर नाही. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून भुयारं जमिनीवरच बांधली, शेजारचं तळं खोदताना निघालेली माती त्यांच्याभोवती आणि वर लोटली आणि तिच्यावर पार्क वसवला. म्हणजे लोक राजवाड्यासमोर उभे राहून फोटो काढतात ते खरं तर वरच्या मजल्यावर. खाली विजेच्या छोट्या गाड्या, ओळखू यावं म्हणून भागाभागाला वेगळ्या रंगाच्या भिंती, आणि डोक्यावरून जाणारा जाडजूड पाइप. स्वीडनची युक्ती: वरचा कचरा हवेच्या जोराने ओढून ताशी शंभरएक किलोमीटरने पार्कच्या मागे नेतात. पाइप मध्येच धडधडला की घोळक्यातले सगळे वर बघत. वॉल्ट डिस्नेला म्हणे कॅलिफोर्नियाच्या पार्कात एक काउबॉय भविष्यनगरीतून चाललेला दिसला आणि ते खटकलं, त्यातून हे सगळं निघालं. एकशे एकोणनव्वद फुटांच्या राजवाड्यात वीट एकही नाही. दोनशे फूट गाठले असते तर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागला असता.

मला सगळ्यात गंमत वाटली ती जुनेपणाची. भुताच्या वाड्यात कोळिष्टकं मुद्दाम लावतात. खाणगावातला गंज रंगाऱ्याने काढलेला. बाहेर आले ती मनातल्या मनात भाषण करतच: बघा, इथे म्हातारपण विकत आणून लावतात आणि आमच्या खऱ्या म्हातारीला पावसात हाकलतात!

भाषण छान जमलं होतं. तेवढ्यात पार्कातल्या आगगाडीत बसले, आणि ते फिसकटलं. तिची इंजिनं नकली नाहीत. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात 1916 ते 1928 दरम्यान बनलेली. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये राबून निकामी झालेली चार इंजिनं डिस्नेच्या माणसांनी 1969 मध्ये शोधून आणली आणि टँपाच्या गोदीत नव्याने बांधली. बॉयलर नवे घातले, तरी इंजिनं तीच, वाफेवर माणसं ओढणारी. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हेवा वाटून म्हणाला, "त्यांच्याकडे गोदी होती. माझ्याकडे साबणाचं पाणी आहे."

परतताना मुक्काम एका स्टेट पार्कात. आमच्या शेजारच्या जागेवर शाळेच्या बसचं घर करून राहणारा एक माणूस होता. बस कुठल्या काळातली देव जाणे. छपरावर ताडपत्री, पाटा गंजलेला, खाली तेलाचं डबकं. जनरेटर सुरू झाला तशी मी तडक चौकीवर गेले आणि जागा बदलून मागितली. कारण सांगितलं, सासूबाईंना धुराचा त्रास होतो.

नव्या जागेवर गाडी लावताना नवरा गप्प होता. सासूबाईंनी काच सरकवली आणि म्हणाल्या, "मला कुठे होतोय त्रास? तो भला माणूस होता. मला चहा विचारत होता." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खरंच त्याच्याकडे चहाला गेल्या, मला न सांगता.