पेटी, कुड आणि बंद घर



लोंड्याहून कॅसलरॉककडे जाणारी आगगाडी आमच्या धर्मग्रामाच्या कडेने जाते. येथील वृद्धांना परदेश म्हणजे काय हे नकाशावरून शिकावे लागले नाही, कारण १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत परदेश येथून दोनतीन स्टेशनांच्या अंतरावर होता. कॅसलरॉकच्या पुढे घाट उतरावयास लागला की पोर्तुगीज अंमल सुरू होई. साष्टीचा किंवा केप्याचा तरुण मुंबईस निघाला की कुळे येथे पोर्तुगीज जकातवाले त्याची पेटी उघडीत आणि घाट चढून वर आल्यावर कॅसलरॉकला दुसऱ्या सरकारचे जकातवाले ती पुन्हा उघडीत. ज्याची पेटी दोनदा उपसली जाते तो माणूस तिच्यात काय भरावे याचा विचार घरीच करून निघतो.

या गोष्टीची आठवण होण्याचे कारण असे की चालू वर्षी आमच्या धर्मग्रामातील तीन कुटुंबे परदेशी जाण्याच्या तयारीत आहेत. या घरांचे वाडवडील गोव्यातून येऊन रेल्वेच्या कामावर राहिले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याने तेथील नागरिकत्व मागता येते, हे आता खेड्याखेड्यांत ठाऊक आहे. त्या आधारे हजारो गोमंतकीय इंग्लंडमध्ये स्विंडनसारख्या गावी जाऊन राहिले. २०२० साल संपताच ब्रिटनचा तो दरवाजा नव्याने येणाऱ्यांस जवळजवळ मिटला, तरी पोर्तुगाल, आयर्लंड व युरोपातील इतर देशांची वाट मोकळी आहे. मात्र आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते व पासपोर्ट परत करावा लागतो. म्हणजे ठेवून जाण्याच्या वस्तूंत पहिली वस्तू तीच होय. बाकीच्या वस्तूंचा निवाडा विमान कंपनीचा तराजू करतो. सामान्यतः माणशी तेवीस किंवा तीस किलो, पुढे पैसे. मंडळी आमच्याकडे स्नानसंस्काराचा दाखला मागण्यास येतात आणि दाखला घडी करून खिशात घालता घालता विचारतात, "फादर, घरातले एवढे सामान! न्यावे काय आणि ठेवावे कोठे?"

गेल्या हिवाळ्यात काही कामासाठी आम्हांस गोव्यास व तेथून मुंबईस जावयाचे होते. तेव्हा जुन्या पेट्या ज्या वाटेने गेल्या त्याच वाटेने जावे, असे आम्ही ठरविले. कुळे स्टेशनात हल्ली दूधसागर पाहण्यास येणाऱ्या लोकांची गर्दी असते. येथे कधी काळी एका देशाची सीमा होती याची खूण नवख्यास सापडावयाची नाही. मुरगावापासूनचा हा मार्ग १८८० च्या दशकात बांधला गेला आणि त्याच मार्गाने गोव्यातील खेडीच्या खेडी मुंबईकडे वाहिली. १९५५ साली सीमेवरची गाडी बंद पडली. कित्येक घरांत त्या वर्षीची पेटी भरून तशीच राहिली व पुढे धान्य ठेवण्याच्या कामी आली. गाडी चालू असताना पुण्यास उतरून मोठ्या रुळांची दुसरी गाडी धरावी लागे. डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत वळकटी, अशा थाटात फलाट बदलावयाचा असल्याने आईने घातलेले फणसाचे अर्धे साट गाडीतल्या सोबत्यांच्या पदरी पडून ओझे हलके होई, असे एका वृद्ध तारवट्याने आम्हांस हसत सांगितले. विमानतळावरील तराजूपेक्षा तो न्याय आम्हांस अधिक प्रेमळ वाटतो.

मुंबईस बोरीबंदरावर उतरलेला गोमंतकीय सरळ धोबीतलावाकडे चालू लागे. आम्हीही चाललो. मेट्रो सिनेमाच्या चौकात जेर महाल नावाची जुनी, अवाढव्य इमारत आहे. तिच्या तळाशी कयानी यांचे १९०४ सालापासूनचे इराणी हॉटेल आणि वर लाकडी जिने चढून गेले की गोव्यातील निरनिराळ्या गावांचे क्लब. त्यांनाच कुड म्हणतात. मराठीत कूड म्हणजे काटक्यांची भिंत; कोकणीत मात्र ती खोली. एका गावच्या लोकांनी मिळून मुंबईत खोली घ्यावयाची, वर्गणी अगदी थोडी ठेवावयाची आणि त्या गावच्या कोणाही पुरुषास नोकरी मिळेपर्यंत तेथे आसरा द्यावयाचा, अशी ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकापासून चालत आली. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत असे शेकडो क्लब होते. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी, खानसामे, वाढपी म्हणून जी गोमंतकीय माणसे जगभर फिरली, त्यांतील बहुतेकांचे मुंबईतील घर ते हेच.

आत काय दिसते? एक लांब खोली. एका टोकास आल्तार, त्यावर गावच्या पाद्रनाची, म्हणजे रक्षक संताची, मूर्ती. रात्री ठरल्या वेळी जपमाळेस सर्वांनी हजर असावे हा नियम. आणि भिंतीला लागून पेट्या! प्रत्येक सभासदाची एक पेटी, तिच्यावर रंगाने घातलेले नाव. तीच कपाट, तीच बैठक, तीच पत्र लिहिण्याचे मेज. रात्री तिच्या पायथ्याशी चटई पसरली की झाली खोली. तारवटी बोटीवर चढताना लागतील तेवढे कपडे घेऊन जाई आणि पेटी कुडीत राही. दहा महिन्यांनी परतला की कुलूप काढी.

आम्ही एका पेटीवर बसून बराच वेळ बोललो. कुडीचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थांनी पेट्यांत काय काय असे ते सांगितले. लग्नाचा काळा कोट, जो बोटीवर निरुपयोगी आणि गावात उंदरांच्या तोंडी. घराच्या जमिनीचे कागद. आधीच्या सफरीत आणलेल्या, पण घरी पोहोचविण्यास सवड न मिळालेल्या वस्तू. बायकोची पत्रे. कोणाची व्हायोलिन. त्यांचे बोलणे ऐकताना आमच्या ध्यानात आले की या माणसांना आमच्या धर्मग्रामातील मंडळींचा प्रश्न त्या स्वरूपात कधी पडलाच नव्हता. घर आणि परदेश यांच्यामध्ये त्यांना एक तिसरी जागा होती. आज नेता येत नाही आणि टाकवतही नाही, ते तेथे ठेवावयाचे. निर्णय पुढच्या फेरीपर्यंत लांबविता येई. शिवाय पेटीवर नजर ठेवणारा माणूस आपल्याच गावचा, त्यामुळे मालक परतला नाही तर पेटी कोणाच्या दारी पोहोचवावयाची हे त्याला ठाऊक असे. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या बोटींवर गोमंतकीय खलाशीही होते. त्यांच्या पेट्या अशाच कोणीतरी खांद्यावर घेऊन गावोगाव नेल्या असतील. त्या कोणी उघडल्या असतील आणि कशा, हा विचार त्या खोलीत बसले असता टाळता येत नाही.

अशी मधली जागा आणि सवड दोन्ही नसली म्हणजे काय होते, हे युगांडातील गोमंतकीयांनी १९७२ साली पाहिले. कंपाला व एंटेबे येथे सरकारी कचेऱ्यांत दोनतीन पिढ्या काम केलेली ही कुटुंबे. ऑगस्टमध्ये इदी अमीन याने आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम केला. बरोबर नेता येत होते सुमारे पन्नास पौंड आणि थोडे सामान. मागाहून पाठविलेल्या पेट्यांपैकी कित्येक वाटेतच लुटल्या गेल्या. तेथे निवड कसली करावयाची? भांडीकुंडी, गाडी, पियानो, जे असेल ते मिळेल त्या मोलाने द्यावयाचे, नाहीतर दार तसेच ओढून घ्यावयाचे.

आमच्या मंडळींवर अशी बळजोरी कोणी करीत नाही, आणि म्हणूनच त्यांनी घाईने निर्णय घ्यावा हे आम्हांस पटत नाही. साष्टीत हिंडताना आम्ही बंद घरे पाहिली. शिंपल्यांच्या खिडक्या, बाल्कांवची बाके, अंगणात माड आणि दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "डिसेंबरात येतात हो, पंधरा दिवस." पाऊस मात्र चार महिने येतो. एका घराच्या कौलांतून झाड वर आले होते. आत आल्तारावर मूर्ती तशाच आहेत, असे तिने सांगितले. मालकांनी सर्व काही सांभाळून ठेवले होते, आणि नेमके त्यामुळेच ते वाळवीस मिळत होते. ठेवणे म्हणजे कुलूप लावणे असा समज झाला की असे घडते. कुडीत पेट्या टिकल्या, कारण तेथे रोज माणसे निजत होती.

म्हणून विचारणाऱ्यांस आम्ही हल्ली असे सांगतो. मिक्सर, ताटवाट्या, चादरी यांसाठी वजन खर्चू नका. ते सारे तेथे मिळते. उकडे तांदूळही आता लंडनात व लिस्बनात मिळतात म्हणे, तरी पहिल्या आठवड्यापुरते नेले तर आमची हरकत नाही. कागद न्यावेत, पण अस्सल कोठे आणि नक्कल कोठे हे ठरवून. गोव्यातील एक-चौदाचा उतारा असो की आपल्याकडील जमिनीचा, त्याची एक प्रत येथे राहणाऱ्या भावाबहिणींकडे अवश्य द्यावी. गोव्याच्या नागरी कायद्याने मुलगी मुलाइतकीच वारस असते. लग्न होऊन गेलेल्या बहिणीस न कळविता घराची किल्ली तिसऱ्याच्या हाती दिल्यामुळे फुटलेली घरे आम्ही पाहिली आहेत. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत, आणि तीही म्हातारी माणसे जवळ आहेत तोवर. त्या चित्रातील तिसरी बाई कोण हे पाच वर्षांनी तेथे दूर कोणास विचारणार?

आणि म्हातारी माणसे? हा विषय सामानाच्या यादीत नसतो, तरी प्रत्येक घरात तो शेवटी निघतोच. वर सांगितलेल्या तीन घरांपैकी एका घरी आम्ही गेलो, तेव्हा ओटीवर पेट्या उघड्या पडल्या होत्या. मुलगा पवित्र मरियेची मूर्ती कापडात गुंडाळीत होता. ही मूर्ती त्याच्या आजोबांनी गोव्याहून आणलेली, आणि मे महिन्यात वाड्यावरचे लादिन तिच्यापुढे गायिले जाते. आजीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या येणार नाहीत हे ठरलेले होते. गुडघे आणि थंडी यांचे जमावयाचे नाही, असे कारण सांगत. त्या म्हणाल्या, "फादर, याला सांगा. मला ठेवतोय ते राहू दे, पण हिला कशाला घेऊन जातोस? तिथं हिच्यासमोर कोण गाणार?"

मुलगा म्हणाला, "आई, घरातलं एवढं एकच तर नेतोय."

कोणाचे खोटे म्हणावे? थोरली सून शहाणी निघाली. तिने मूर्तीखालचा जुना विणलेला रुमाल, सासूबाईंनीच विणलेला, काढून आपल्या पेटीत ठेवला आणि मूर्ती पुन्हा जागेवर मांडली. मुलगा काही बोलला नाही. मग बाकीचे भराभर ठरले. आजीबाईंबरोबर रात्री निजावयास भाची येईल आणि किल्लीही तिच्याकडेच राहील; रगडा शेजाऱ्यांनी वापरावा; परसातले तांब्याचे भाण विकावयाचे नाही. ते विकत घेण्यास भांडीवाला दोनदा येऊन गेला होता. फेस्ताच्या जेवणास देवळात एवढे मोठे भांडे दुसरे नाही, म्हणून ते आजीबाईंच्याच परसात पालथे घातलेले आहे, आणि आदल्या संध्याकाळी चौघांनी जाऊन ते उचलून आणावे असे ठरले आहे.