नदीच्या माहेरी

बीड शहराच्या मधून बिंदुसरा नदी वाहते. वाहते असे आपण म्हणतो; पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात पायाचा घोटा बुडेल एवढेच पाणी असते. माझे लहानपण या नदीच्या काठी गेले. उन्हाळ्यात आम्ही मुले तिच्या कोरड्या वाळूत विटीदांडू खेळत असू. माझी दादी संध्याकाळी काठावर बसून शेळ्या चारीत असे. नदी आम्हांला घरातल्याच एखाद्या माणसासारखी वाटे. तिची भीती कधी वाटली नाही.

23 जुलै 1989 या दिवसाने मात्र सारे बदलले. मी तेव्हा सातवीत होतो. रविवार असल्यामुळे शाळेला सुट्टी होती. डोंगरात मुसळधार पाऊस झाला आणि बिंदुसरेला कधी नव्हे एवढा पूर आला. अब्बांनी मला खांद्यावर घेतले, अम्मीने दादीचा हात धरला आणि आम्ही उंचावरच्या एका मशिदीकडे धावलो. मागे वळून पाहिले तेव्हा आमच्या गल्लीत लालसर, गढूळ पाण्याचा लोंढा घुसला होता. दगडमातीच्या भिंती पाण्यात विरघळल्यासारख्या खाली बसत होत्या. त्या पुरात शहरातली शेकडो माणसे गेली. हजारो लोक बेघर झाले. आमचे घर गेले, शेळ्या गेल्या. माझ्या बाकावर शेजारी बसणारा माझा मित्रही गेला.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा बाकावरची ती जागा रिकामी होती. मी तिथे कोणाला बसू देत नसे. नदीचा मला इतका राग आला होता, की शाळेतून येताना मी पुलावर थांबून पाण्यात दगड मारीत असे. दादीने तर नदीचे नाव घेणेच सोडून दिले होते.

एके दिवशी आमच्या भूगोलाच्या सरांनी मला दगड मारताना पाहिले. ते रागावले नाहीत. माझ्याजवळ उभे राहून म्हणाले, "नदीवर रागावला आहेस. राग येणारच. पण ही नदी कुठून येते, ते तू पाहिले आहेस का?"

मी मान हलवून नाही म्हटले.

"मग दिवाळीच्या सुट्टीत आपण तिच्या माहेरी जाऊ," सर म्हणाले.

सुट्टीत आम्ही अकरा मुले सरांबरोबर एस. टी. ने निघालो. शहराच्या दक्षिणेला काही अंतरावर सरांनी आम्हांला उतरवले. तिथे खजाना बावडी ही जुनी विहीर आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, सलाबतखानाने ती बांधवली. विहीर फार खोल नाही. पण जमिनीखालच्या बोगद्यांतून तिच्यात पाणी येते आणि दुसऱ्या बोगद्यातून ते दूरच्या शेतांना जाते. ना मोट, ना पंप! आम्ही वाकून पाहिले. आत स्वच्छ पाणी संथपणे सरकत होते. सर म्हणाले, "डोंगरात मुरलेले पाणी असे सावकाश खाली येते. ज्यांनी ही विहीर बांधली, त्यांनी आधी डोंगर नीट पाहिला असला पाहिजे."

तिथून आम्ही पालीला गेलो. पालीजवळ बिंदुसरेवर धरण आहे. पाण्यात आभाळ उतरले होते. काठावर बगळे उभे होते. याच पाण्याने आपले घर नेले, हे खरे वाटेना. धरणाच्या पलीकडे बालाघाटच्या डोंगररांगा दिसत होत्या. तिकडे, पाटोदा तालुक्यातल्या वाघिरा गावाजवळ, या नदीचा उगम आहे. ती पुढे सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला.

आम्ही एका टेकडीवर चढलो. टेकडीचा एक उतार अगदी उघडा होता. मुरूम आणि दगड, एवढेच. दुसऱ्या उतारावर गवत, तरवड, बोरी आणि सीताफळाची झुडपे होती. सरांनी आपल्या पिशवीतून पाण्याची मोठी बाटली काढली. अर्धे पाणी त्यांनी उघड्या उतारावर ओतले. ते क्षणात खाली पळाले. जाताना मातीही घेऊन गेले. उरलेले पाणी त्यांनी झुडपांच्या बुंध्याशी ओतले. ते गवतात शिरले आणि दिसेनासे झाले. बराच वेळ आम्ही खाली पाहत राहिलो. एक थेंबही बाहेर आला नाही.

"पाणी तेच," सर म्हणाले. "उतार मात्र वेगळा. जुलैमध्ये एवढा पाऊस झाला, की झाडांनाही तो सगळा अडवता आला नसता. पण डोंगर झाडांनी झाकलेला असला, की पाणी थोडे उशिरा आणि थोडे कमी येते. संकटात थोडा वेळ मिळाला, तरी माणसे वाचतात."

मला माझ्या मित्राची आठवण झाली. थोडा वेळ! त्याला तेवढाच हवा होता.

परतताना आम्ही मांजरसुंब्याजवळ कपिलधारला गेलो. तिथे मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकात मोठी यात्रा भरते. दरीत कड्यावरून धबधबा पडतो. पावसाळा संपून गेल्यामुळे धार बारीक झाली होती, पण ती अजून चालू होती. आजूबाजूला झाडी होती, म्हणूनच ती चालू होती, हे आता कोणी सांगायची गरज नव्हती. वाटेत एक आजी टोपलीत सीताफळे घेऊन बसल्या होत्या. सरांनी सर्वांना एकेक फळ घेऊन दिले. मी माझे फळ दादीसाठी राखून ठेवले.

रात्री मी दादीला सारी हकिगत सांगितली. ती काही बोलली नाही. सीताफळ खाताना तिने एकेक बी तळहातावर जमवली. मग हळूच म्हणाली, "बेटा, त्या टेकड्यांवर पूर्वी झाडी होती. 1972 च्या दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर जात होते. येताना रोज एक मोळी तोडून आणायचे. सगळ्याच बाया आणायच्या. चूल पेटवायची होती, मोळी विकून जवारी घ्यायची होती. तेव्हा पदरात पोर होते. ते झाड तोडले नसते, तर पोर उपाशी राहिले असते. मी काय करायला हवे होते, सांग."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. एवढेच समजले, की दादी नदीवर रागावलेली नव्हती. तिच्या मनाला दुसरेच काहीतरी टोचत होते.

त्यानंतर घरात कोणी सीताफळ खाल्ले, की दादी बिया धुऊन, सावलीत वाळवून डब्यात ठेवू लागली. शेजाऱ्यांकडूनही मागून आणू लागली. पुढच्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडण्याआधी, तिने फडक्यात बांधलेले एक गाठोडे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "त्या उघड्या उतारावर लाव. हे झाड शेळी खात नाही. टिकेल."

आम्ही सरांबरोबर पुन्हा गेलो. दगडांच्या फटीत, मातीत बोट खुपसून एकेक बी लावली. सगळ्या उगवल्या नाहीत. काही वाळल्या, काही वाहून गेल्या. दादी दर वर्षी नवे गाठोडे देत राहिली.

पुढे मी शिक्षक झालो. 1994 मध्ये पाटोदा तालुक्यातल्या नायगाव परिसरातले सुमारे 30 चौरस किलोमीटर जंगल मोरांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो. हे जंगल काही घनदाट नाही. पळस, खैर, बोर, बाभूळ, मधूनच गवताळ माळ. मुले म्हणाली, "सर, हे कसले जंगल?" मी त्यांना एका झाडाखाली गप्प बसवले. थोड्या वेळाने टेकडीपलीकडून मोराची केका ऐकू आली. दुसरीकडून तिला उत्तर आले. मग झुडपांतून एक मोर बाहेर आला. ढग भरून आले होते. त्याने पिसारा उभारला आणि चाळीस मुलांपैकी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

मोराच्या पिसाऱ्यात दीडशे ते दोनशे पिसे असतात आणि पावसाळ्यानंतर ती दर वर्षी गळून पडतात. लांडोर जमिनीवरच, झुडपांच्या आडोशाला अंडी घालते. म्हणून मोराला केवळ उंच झाडे पुरत नाहीत. त्याला झुडपे आणि गवतही लागते. आपण ज्याला 'नुसती काटेरी झुडपे' म्हणतो, ते मोराचे घर आणि नदीचे माहेर असते. एका मुलाने खाली पडलेले एक पीस उचलले होते. वनरक्षकांनी समजावताच त्याने ते जिथे होते तिथेच ठेवले. घरी जाताना त्याचे हात रिकामे होते, पण तोच सर्वांत जास्त बोलत होता.

आता आमच्या जिल्ह्यात झाडांविषयी पुष्कळ बोलले जाते. शहराजवळच्या पालवण येथे अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने देवराई उभी राहिली आणि 2020 मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही बातमी वाचली, तेव्हा मला दादीच्या डब्याची आठवण झाली. ही बातमी ऐकायला दादी नव्हती.

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी पालीजवळच्या त्या टेकडीवर जातो. उघडा उतार पूर्ण झाकला गेला आहे, असे मी म्हणणार नाही. पण त्यावर सीताफळाची सत्तावीस झाडे उभी आहेत. फळे गुराखी मुले खातात. खाऊन झाल्यावर बिया तिथेच दगडांत टाका, एवढेच मी त्यांना सांगतो. मग खाली उतरून धरणाच्या काठी थोडा वेळ बसतो. आता मी पाण्यात दगड मारीत नाही.

मुलांनो, तुमच्या गावाजवळही एखादी नदी, ओढा किंवा टेकडी असेल. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मोठ्या माणसांबरोबर पाण्याच्या उलट दिशेने चालत जा. नदी कुठे जाते ते सर्वांनाच ठाऊक असते. ती कुठून येते, ते पाहून या. आणि जाताना खिशात चार बिया असू द्या.